सीडी-४ आणि व्हायरल लोड : हिरव्या पुस्तकातले दोन आकडे



एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की माणसाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हाच, "आता किती वर्षे राहिली?" पंचवीस वर्षांपूर्वी या प्रश्नावर डॉक्टरही मान खाली घालत. आज तशी वेळ नाही. वेळेवर उपचार सुरू करून रोज न चुकता गोळी घेणारा माणूस जवळजवळ इतरांइतकेच आयुष्य जगू शकतो. उपचार बरोबर चालला आहे की नाही, हे रक्तातल्या दोन आकड्यांवरून कळते. एक आकडा सीडी-४ चा आणि दुसरा व्हायरल लोडचा.

एआरटी केंद्रातून मिळणाऱ्या हिरव्या पुस्तकात हे आकडे लिहिलेले असतात. मात्र अनेक घरांत ते पुस्तक कपड्यांच्या तळाशी दडवलेले असते आणि गोळ्या आणायच्या दिवशीच बाहेर निघते. त्यातला आकडा आपलाच असतो, पण त्याचा अर्थ आपल्याला कुणी सांगितलेला नसतो, आणि आपणही विचारलेला नसतो. म्हणून या महिन्याचे आरोग्याचे पान आम्ही या दोन आकड्यांना दिले आहे.

आधी एक फरक लक्षात घेऊ

सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात जी पहिली तपासणी होते, ती विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. तिचे उत्तर 'आहे' किंवा 'नाही' एवढेच असते. एकदा पॉझिटिव्ह आलेली ही तपासणी जन्मभर पॉझिटिव्हच येते, उपचार कितीही चांगला चालला तरी. त्यामुळे "गेला का बघू" म्हणून दरवर्षी सोलापूर-लातूरच्या खासगी प्रयोगशाळेत पैसे भरून तीच तपासणी पुन्हा करण्यात काही अर्थ नाही.

आजार कुठवर आला आहे आणि औषध काम करते आहे का, हे सांगणाऱ्या तपासण्या वेगळ्या आहेत.

विहीर आणि मोटर

धाराशिवच्या माणसाला विहिरीची भाषा समजावून सांगावी लागत नाही. चैत्र-वैशाखात विहिरीत डोकावून किती पाणी उरले ते आपण बघतो आणि मोटर किती तास चालवायची ते ठरवतो.

एचआयव्हीबाधिताच्या शरीराचेही तसेच आहे. सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशी रोगप्रतिकाराची फौज चालवतात. त्यांची संख्या म्हणजे विहिरीतले पाणी. एचआयव्हीचा विषाणू याच पेशींत शिरतो, तिथे स्वतःच्या नकला काढतो आणि पेशी संपवतो. रक्तात किती विषाणू फिरत आहेत तो आकडा म्हणजे व्हायरल लोड. तो विहिरीवर चालू असलेल्या मोटरीसारखा समजा. मोटर जितकी मोठी, तितके पाणी लवकर आटणार.

लागण झाल्यावर सुरुवातीच्या काही आठवड्यांत व्हायरल लोड लाखांच्या घरात जातो. काहींना ताप येतो, अंगावर पुरळ उठते, घसा दुखतो. साधा ताप समजून तो विसरला जातो. मग शरीर थोडे सावरते आणि मोठा शांत काळ सुरू होतो. उपचार नसेल तर हा काळ सरासरी ८ ते १० वर्षांचा असतो, काहींचा बराच कमी. या काळात माणूस शेतात राबतो, मोळ्या उचलतो, लग्नात नाचतो. बाहेरून काही दिसत नाही, पण आत पातळी खाली जात असते. तब्येत ठणठणीत वाटते म्हणून तपासणी नको म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

१९९६ साली अमेरिकेतल्या पिट्सबर्ग येथील डॉ. जॉन मेलर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठवून ठेवलेले रक्ताचे जुने नमुने तपासले. सुरुवातीला ज्यांचा व्हायरल लोड जास्त होता, त्यांचा आजार लवकर वाढला असे त्यातून दिसले. पुढच्याच वर्षी त्यांनी सीडी-४ आणि व्हायरल लोड हे दोन्ही आकडे एकत्र पाहिले तर अंदाज अधिक अचूक येतो हेही दाखवले. तेव्हापासून जगभर हे दोन आकडे जोडीने वाचले जातात.

सीडी-४ : किती पाणी उरले?

एक घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे एका थेंबाच्याही छोट्याशा भागात, किती सीडी-४ पेशी आहेत ते ही तपासणी मोजते. निरोगी प्रौढ माणसात हा आकडा साधारण ५०० ते १,५०० च्या दरम्यान असतो. ५०० च्या वर असेल तर पातळी चांगली. ३५० च्या खाली गेला तर डॉक्टर काही संसर्ग टाळण्यासाठी कोट्रायमोक्साझोलची गोळी सुरू करतात. २०० च्या खाली गेला तर आजार पुढच्या टप्प्यात गेला असे मानतात. या टप्प्यावर क्षयरोग, विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाचा बुरशीजन्य आजार अशी संकटे दाराशी येतात. आकडा १०० च्या आत असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणूनच २०० च्या आतल्या रुग्णाची जास्त बारकाईने तपासणी करतात.

हा आकडा रोज थोडा हलतो. सकाळ-संध्याकाळचा फरक पडतो. सर्दी-तापात तो खाली येतो. गरोदरपणात रक्तातले पाणी वाढल्यामुळे तो कमी दिसतो. मागच्या वेळी ४८० होता आणि यावेळी ४३० आला, तर घाबरायचे कारण नाही. एका आकड्यापेक्षा तीन-चार वेळच्या आकड्यांचा कल बघावा. पाच वर्षांखालच्या मुलांत या पेशी मुळातच जास्त असतात आणि वयानुसार बदलतात, म्हणून तिथे संख्येऐवजी टक्केवारी पाहतात.

भारतात सरकारी केंद्रांतून मोफत एआरटी औषधे १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. तेव्हा औषधे सुरू करण्यासाठी सीडी-४ साधारण २०० च्या खाली जावा लागे, नाही तर गंभीर लक्षणे दिसावी लागत. पॉझिटिव्ह असूनही "अजून तुमचा नंबर लागला नाही" असे ऐकून माणसे परत जात. पुढे ही मर्यादा ३५० झाली, मग ५०० झाली. २०१५ साली 'स्टार्ट' नावाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सीडी-४ ५०० च्या वर असतानाच औषध सुरू केलेल्यांत गंभीर आजार आणि मृत्यू निम्म्याहून कमी आढळले. २०१७ पासून आपल्या देशाचे धोरणही बदलले. आता एचआयव्ही निघाला की सीडी-४ कितीही असो, औषध सुरू होते. क्षयरोगासारखा काही संसर्ग आधी आटोक्यात आणायचा असेल तरच डॉक्टर थोडे थांबतात.

"सीडी-४ चांगला आहे, अजून गोळ्यांची गरज नाही" असे कुणी आजही सांगत असेल, तर ते जुने ज्ञान आहे.

व्हायरल लोड : मोटर बंद आहे का?

ही तपासणी एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती आहेत ते मोजते. उपचार नसलेल्या माणसात हा आकडा हजारांत, कधी लाखांत असतो. आज मिळणारी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत असतात. ती रोज घेतली की बहुतेकांचा व्हायरल लोड काही महिन्यांत इतका खाली येतो की यंत्रालाही विषाणू सापडत नाही. रिपोर्टवर मग 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' किंवा थोडक्यात 'टीएनडी' असे लिहून येते.

सरकारी केंद्रांत सर्व रुग्णांसाठी नियमित व्हायरल लोड तपासणीचा कार्यक्रम फेब्रुवारी २०१८ मध्ये सुरू झाला. औषध सुरू केल्यावर सहाव्या महिन्यात, मग बाराव्या महिन्यात आणि पुढे वर्षातून एकदा ही तपासणी होते. ती मोफत आहे. खासगी प्रयोगशाळेत तिला काही हजार रुपये पडतात.

आकडा १,००० च्या खाली असेल तर विषाणू दबला असे मानतात, आणि टीएनडी आला तर सर्वांत उत्तम. आकडा १,००० च्या वर गेला तर लगेच "औषध फेल गेले" असा निष्कर्ष काढत नाहीत. समुपदेशक बसवून विचारतात की गोळ्या किती चुकल्या, का चुकल्या, उलटी होते का, घरात लपवावे लागते का. साधारण तीन महिने गोळ्या नीट घेऊन पुन्हा तपासणी होते. तरीही आकडा १,००० च्या वरच राहिला तर डॉक्टर पुढच्या औषधांचा विचार करतात. अशा वेळी रागावतील म्हणून खोटे सांगितले तर नुकसान आपलेच होते. गोळ्या अधूनमधून घेतल्या तर विषाणूला औषधाची सवय होते आणि हातातली चांगली औषधे निकामी ठरू शकतात.

दोन आकडे जोडीने वाचू

समजून घेण्यासाठी दोन कल्पित रिपोर्ट पाहू. पहिला एका बाईचा. तिचा सीडी-४ २६० आहे आणि व्हायरल लोड टीएनडी. दुसरा एका तरुणाचा. त्याचा सीडी-४ ६२० आणि व्हायरल लोड ४८,०००. काळजी कुणाची?

बरेच जण म्हणतील, बाईची. तिची पातळी कमी आहे हे खरे. वर्षापूर्वी ती केंद्रात आली तेव्हा सीडी-४ १४० होता. पण आता मोटर बंद आहे आणि झरे हळूहळू विहीर भरत आहेत. तिने गोळ्या चालू ठेवाव्यात आणि खोकला, ताप, वजनातली घट अंगावर काढू नये. तरुणाची विहीर भरलेली दिसते, पण त्याने तीन महिन्यांपासून गोळ्या सोडल्या आहेत आणि मोटर पूर्ण जोरात चालू आहे. वर्ष-दोन वर्षांत त्याची पातळी कुठे जाईल ते सांगता येत नाही. शिवाय त्याच्याकडून जोडीदाराला लागण होण्याचा धोकाही आज जास्त आहे.

म्हणून गोळ्या सुरू झाल्यानंतर उपचाराचा निकाल व्हायरल लोडवरून ठरतो. व्हायरल लोड दबलेला आणि सीडी-४ चांगला असेल, तर सीडी-४ ची तपासणी वारंवार करण्याची गरज राहत नाही. "माझा सीडी-४ का काढत नाहीत?" अशी तक्रार असेल तर त्याचे हे कारण असू शकते.

पुण्यातही झालेला अभ्यास

पती पॉझिटिव्ह आणि पत्नी निगेटिव्ह, किंवा उलट, अशी जोडपी आपल्याकडेही आहेत. अशाच १,७६३ जोडप्यांचा अभ्यास नऊ देशांत झाला. त्यात पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेचाही सहभाग होता. या संस्थेला तेव्हा सगळे 'नारी' म्हणूनच ओळखत. बाधित जोडीदाराचा सीडी-४ ३५० ते ५५० होता. निम्म्यांना लगेच औषध दिले, तर निम्म्यांना त्या काळच्या पद्धतीप्रमाणे सीडी-४ खाली आल्यावर किंवा आजार दिसल्यावर. कंडोम आणि समुपदेशन सर्वांनाच दिले.

मे २०११ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले. बाधित जोडीदाराकडूनच लागण झाल्याची २८ उदाहरणे निघाली. त्यांपैकी २७ उशिरा औषध मिळालेल्या गटात होती आणि लगेच औषध मिळालेल्या गटात फक्त १. त्यानंतर युरोपातल्या मोठ्या अभ्यासांत ज्यांचा व्हायरल लोड २०० च्या खाली होता, त्यांच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला झालेली लागण एकही आढळली नाही. विषाणू रक्तात सापडत नसेल तर तो शरीरसंबंधातून पसरत नाही, हे आज जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवा. हा भरवसा गोळ्या चालू असेपर्यंतचाच आहे. आणि तो शरीरसंबंधापुरता आहे, आईच्या दुधाला तो तसाच्या तसा लागू होत नाही. गरोदर बहिणींनी पहिल्या तीन महिन्यांतच तपासणी करून घ्यावी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने चालावे. बाळाच्या रक्तात आईची प्रतिद्रव्ये दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून सहाव्या आठवड्यात टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवर विषाणू शोधणारी वेगळी तपासणी करतात. ती चुकवू नये.

आईबापाकडून एचआयव्ही मिळालेल्या मुलांचे काय होते, हे बघायला लांब जायला नको. शेजारच्या लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांच्या 'सेवालया'त अशी मुले वाढली. गावाचा विरोधही या संस्थेने सोसला. तिथली मुले मोठी झाली, शिकली, काहींची लग्नेही झाली. नियमित औषध मिळाले की काय होऊ शकते, ते तिथे दिसते.

ऊसतोडीला जाणाऱ्यांनी

कळंब, वाशी, भूम भागांतून दिवाळीच्या सुमारास अनेक जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. गोळ्या तुटण्याची भीती याच पाच-सहा महिन्यांत सर्वांत जास्त असते. उचल घेतलेली असते, मुकादम सुट्टी देत नाही आणि फडात कोपीवर गोळीची डबी लपवायलाही जागा नसते.

निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी एआरटी केंद्रात जाऊन समुपदेशकाला सांगा की अमुक कारखान्यावर जात आहोत. जास्त दिवसांच्या गोळ्या मिळू शकतात का, किंवा तिथल्या जवळच्या केंद्रातून घेता येतील का, हे विचारा. हिरवे पुस्तक सोबत ठेवा. व्हायरल लोडची तारीख हंगामात येत असेल तर ती आधीच उरकता येते का तेही विचारा.

परांड्याच्या माणसाला बार्शी जवळ पडते, उमरग्याच्या माणसाला लातूर. ओळखीचे कुणी भेटेल म्हणून काही जण मुद्दाम दुसऱ्या जिल्ह्यात जातात. त्यालाही हरकत नाही, गोळी मात्र तुटू देऊ नये. एसटीच्या सवलतींच्या यादीत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे आणि संजय गांधी निराधार योजनेतही पात्र व्यक्तींना मदत मिळते. कागदपत्रांची माहिती केंद्रातच विचारावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*सीडी-४ ९०० झाला. आता गोळ्या बंद केल्या तर चालतील का?*
नाही. सीडी-४ ३५० च्या वर असताना औषध थांबवायचे आणि २५० च्या खाली गेला की पुन्हा सुरू करायचे, असा प्रयोग 'स्मार्ट' नावाच्या अभ्यासात ५,४७२ लोकांवर झाला. औषध थांबवलेल्यांत आजार आणि मृत्यू दुपटीहून जास्त दिसले आणि २००६ साली प्रयोग थांबवावा लागला.

*टीएनडी म्हणजे एचआयव्ही गेला का?*
नाही. काही पेशींत विषाणू निपचित पडून राहतो. मोटर विहिरीवरच आहे, फक्त बंद आहे. गोळ्या सोडल्या की बहुतेकांत काही आठवड्यांत ती पुन्हा सुरू होते.

*एक बाबा सीडी-४ वाढवणारा काढा देतो. घ्यावा का?*
त्याला एकच विचारा, "तुमच्या काढ्याने व्हायरल लोड किती खाली आला? रिपोर्ट दाखवा." काढ्यासाठी गोळी सोडू नका. कोणतेही पूरक औषध घेत असाल तर एआरटीच्या डॉक्टरांना सांगा.

*बाकीच्या तपासण्या कशासाठी?*
टेनोफोव्हिरसाठी मूत्रपिंडाची, म्हणजे क्रिएटिनिनची तपासणी लागते. हिमोग्लोबिन, यकृत आणि साखर बघतात. क्षयरोगाची चौकशी तर प्रत्येक भेटीत होते, कारण एचआयव्हीबाधितांच्या मृत्यूचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

आकडा आपला, गावाचा नव्हे

एचआयव्ही व एड्स कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तपासणीसाठी आपली संमती लागते. रिपोर्ट गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करता येत नाही. एचआयव्हीबाधितांविरुद्ध द्वेष पसरवणाऱ्याला तीन महिने ते दोन वर्षे कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. वस्तीत कुणाचे पाणी तोडणे, पंगतीतून उठवणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. तेच आपल्या हातून आपल्याच माणसाला होऊ नये.

या विषयावर विहारात, महिला मंडळात कसे बोलायचे, असा संकोच वाटतो. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा त्यांचे वकील म्हणून न्यायालयात बाबासाहेब उभे राहिले होते. खटला हरला, दंडही झाला. पण शरीराच्या आजारांविषयी उघडपणे विचारणे आणि सांगणे यात लाज नाही, ही बाजू बाबासाहेबांनी न्यायालयात मांडली होती.

पुढच्या भेटीला जाताना हिरवे पुस्तक उघडून चार प्रश्न विचारा : माझा शेवटचा व्हायरल लोड किती आणि कोणत्या तारखेचा? पुढची तपासणी कधी? शेवटचा सीडी-४ किती? माझी औषधे कोणती? उत्तरे वहीत लिहून ठेवा. वाचता येत नसेल तर घरातल्या विश्वासू माणसाकडून लिहून घ्या. ज्यांची अजून तपासणीच झालेली नाही, त्यांनी जवळच्या सरकारी रुग्णालयातील आयसीटीसी केंद्रात जावे. काही विचारायचे असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तिथे नाव न सांगताही माहिती मिळते.